सुमनताई आणि बारा तारखेपर्यंतची यादी

एखादं काम पहिल्याच फटक्यात नीट झालं की सुमनताईंचा जीव खालीवर व्हायचा. आम्ही बाकीचे चहा मागवायचो. त्या छापील कागद घेऊन दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. “आत काय चाललंय ते बघितल्याबिगर मला करमत न्हाई,” म्हणायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत विश्रामबागेत आमचं पाच माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. सुमनताई आटपाडीकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या पहिल्या पदवीधर. ऑफिसचे मालक देशपांडे सर त्यांना “जरा शुद्ध बोला” म्हणायचे. त्या “बरं” म्हणायच्या आणि तसंच बोलायच्या.

त्या वर्षी सरांनी नवं टूल आणलं. आपण पडद्यावर रकाने आखायचे, डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, ते आपोआप लिहून द्यायचं. मिरजेच्या एका दवाखान्याचं काम आम्ही त्यावर केलं. कुत्रा चावलेल्यांना ठरावीक दिवसांनी इंजेक्शनं द्यावी लागतात. आज कुणाची पाळी, याची यादी रोज सकाळी छापून निघायची. आमच्या ऑफिसातला डेटाबेस एका कंपनीचा, दवाखान्यातला दुसऱ्या कंपनीचा. टूल दोन्हीकडे चालतं, असं त्याच्या पुस्तकात छापलं होतं. पंचवीस जुलैला आम्ही ते बसवलं. यादी चोख निघाली. सर खूश झाले, सुमनताई मात्र आठवडाभर अस्वस्थ होत्या.

तीन ऑगस्टला त्यांनी आपण होऊन दवाखान्यात फोन लावला. इंजेक्शनच्या खोलीतल्या सिस्टर म्हणाल्या, “एक तारखेपासून यादी कोरीच निघतेय. तिघं आले होते, पण नाव नव्हतं म्हणून परत पाठवलं.”

रिसीव्हर ठेवून त्यांनी टूलनं लिहिलेली क्वेरी उघडली. कालची तारीख तिथं नुसत्या आकड्यांत होती, आधी दोन, मग आठ. आमचा डेटाबेस ती दोन ऑगस्ट वाचायचा. दवाखान्यातला महिना आधी धरून आठ फेब्रुवारी.

“मग पंचवीसला बरोबर कशी आली?” मी विचारलं.

“पंचविसावा महिना असतोय का? तवा त्यानं गुमान उलटं वाचून घेतलं. आठ तारीख सोडली तर बारा तारखेपर्यंत रोज चुकणार हे.”

तिघांतले दोघं मिरजेतलेच होते. सिस्टरनी त्यांना बोलावून घेतलं. तिसरी शिराळ्याजवळच्या गावातली सहा वर्षांची मंगल. तिचं दुसरं इंजेक्शन काल हुकलं होतं.

सर म्हणाले, “तिला पत्र टाकू. आणि चूक टूलची आहे, आपली नाही, हे दवाखान्याला आधी कळवा.”

“पत्र जाईस्तवर पोरीचं काय, सर?” म्हणत सुमनताईंनी पर्स उचलली. मीही निघालो.

नागपंचमी तोंडावर आलेली, एसटी खच्चून भरलेली. इस्लामपुरात जागा झाली तरी त्या बसल्या नाहीत. मंगलचा बाप अंगणातच भेटला. “आवं बाई, कालच जाऊन आलो की. नाव न्हाई म्हणले.”

“आता चला. लगेच,” त्या म्हणाल्या.

मिळेल त्या जीपनं आम्ही मिरज गाठली. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाच्या उशिरानं बिघडायचं नाही, पण आता एकही चुकवू नका. मंगलला टोचून झाल्यावर बापानं विचारलं, “तुमी डॉक्टरीणबाई काय?”

“न्हाई. ती यादी मी केली हुती. चूक माझी.”

त्यानं मंगलला कडेवर घेतलं. “मग फुडच्या बारीला नाव नसलं तर?”

“तर हितंच बसून राहायचं. इंजेक्शन घेतल्याबिगर उठायचं न्हाई.”

त्या संध्याकाळी त्यांनी तारखेतला महिना अक्षरांत घालून क्वेरी हातानं लिहिली. दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या टेबलामागं पाटी लावली: ‘यादीत नाव नसले तरी कार्ड पाहून इंजेक्शन द्यावे.’ मंगलच्या उरलेल्या प्रत्येक इंजेक्शनला त्या जातीनं हजर राहिल्या. पोरगी ठणठणीत राहिली.

सर मात्र पाटीवरून चिडले. “आपल्याच सॉफ्टवेअरवर आपण अविश्वास दाखवायचा?”

“व्हय, सर.”

पुढच्या तीन दवाखान्यांचं काम सरांनी त्याच टूलवर करायचं ठरवलं. सुमनताईंनी दोन ओळींचा राजीनामा दिला आणि त्या हैदराबादला गेल्या. जाताना मला फक्त म्हणाल्या, “अविनाश, सांभाळ रं.”

महिनाभरानं सरांनी मला ती पाटी काढायला मिरजेला पाठवलं. मी स्टुलावर चढून एक खिळा उपसला. सिस्टर इंजेक्शन भरता भरता थांबल्या. “काढा. पण यादी आता कधीच चुकणार नाही, असं तुम्ही लिहून द्याल ना?”

बाकावर पाच-सहा माणसं हातात कार्डं धरून बसली होती. मी खिळा परत ठोकला. सरांना सांगायला सबब विश्रामबागेपर्यंत काही सुचली नाही. मग घडलं तेच सांगितलं.