चौदावी कोय

सुभेदार मावशींना मी तीन वर्षांत कधी नीट बसलेलं पाहिलं नाही. लखनौच्या जानकीपुरममधल्या आमच्या घरी त्या रोज सकाळी येत, दारातच "बसणार नाही गं, उभ्या उभ्या आले" असं सांगत आणि तासभर उभ्या उभ्याच थांबत. चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघर, हॉल, गच्ची अशा त्यांच्या फेऱ्या चालायच्या. बोलता बोलता उशा सरळ करायच्या, दोरीवरचे चिमटे काढून परत लावायचे, कुंडीतली माती बोटाने उकरायची. त्या गेल्यावर कप कुठेही सापडे. एकदा तर चपलांच्या मांडणीत सापडला. माझ्या कुंड्यांमध्ये मी न लावलेली मेथी उगवे, लिंबाची रोपं उगवत. "यांच्या पायाला भिंगरी आहे," असं माझा नवरा म्हणे. मला मात्र नुसतं त्यांच्याकडे बघूनच थकवा यायचा.

त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान सैन्यात कुत्र्यांना शिकवण्याच्या कामावर होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, लखनौतच घर बांधलं आणि दोन वर्षांत गेले. मावशी एकट्या उरल्या. माझी बँकेतली बदली अमरावतीहून इथे झाली, तेव्हा मी माझ्या मुलीला, सईला, मराठीत रागावत होते, ते त्यांनी पलीकडच्या गच्चीवरून ऐकलं आणि पाचव्या मिनिटाला त्या आमच्या दारात हजर झाल्या. गल्लीत त्यांना सगळे 'मराठी आंटी' म्हणत. मला त्या सुभेदार मावशी.

पुढे सईच्या हट्टापायी घरात पिल्लू आलं. पिवळं, तपकिरी, मधूनच काळं, म्हणून त्याचं नाव चिवडा. चौथ्या महिन्यात त्याचे दुधाचे दात हलायला लागले आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. खुर्चीचे पाय, सईची कंपासपेटी, नवऱ्याच्या एअरपोर्टच्या पासची फीत, काही म्हणता काही सुटलं नाही. मी चपलेने धाक दाखवला, तर त्याने चप्पलच नेली. मावशींनी त्याला भिंतीशी धरून ओठ वर केला, हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "त्याला ठणकतंय गं. रागावतेस काय? तुझी अक्कलदाढ आली तेव्हा तू काय भजन म्हणत होतीस?"

मावशींचा सगळा कायदा त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखात होता. पिल्लाला चावायला द्यायच्या कुठल्याही वस्तूत त्या आधी ते नख दाबून बघत. नख रुतलं तर ठीक, नाही रुतलं तर वस्तू बाद. बाजारातल्या दुकानात आम्ही गेलो, तेव्हा दुकानदाराने मोठ्या अभिमानाने एक पांढरंशुभ्र, टणक हाड पुढे केलं. मावशींनी नख दाबलं, हाड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "भैया, इसमें मेरा नाखून नहीं जाता, इसका बच्चे का दाँत क्या जाएगा? टूट जाएगा ना." "आंटीजी, सब ले जाते हैं." "सब का मुझे मत बताओ." तासाभराने आम्ही एक रबरी कडं घेऊन बाहेर पडलो. तेही त्याच्या जबड्यापेक्षा मोठं आहे ना, हे मावशींनी बोटांनी मोजून घेतलं होतं. तोंडात पूर्ण मावेल ते द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा कायदा.

त्यांचं बाकीचं औषध घरचंच होतं. जाड फडक्याला गाठ मारायची, भिजवायचं, फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि समोर थांबून चावायला द्यायचं. गाजर आख्खं आणि गार, तुकडे नाहीत. शिजवलेलं हाड तर कधीच नाही, कितीही मऊ दिसलं तरी. या शेवटच्या नियमाला त्यांचा आवाज चढायचा, आणि का ते मी विचारलं नव्हतं. समोरचे मिश्राजी एकदा प्रेमाने रेवडी घेऊन आले. "बच्चा है बहनजी, मुँह मीठा कर लेने दीजिए." मावशींनी हात जोडले, मुठीतली रेवडी काढून घेतली आणि स्वतः खाऊन टाकली. मिश्राजी बिचारे 'वाह वाह' म्हणत घरी गेले.

जूनअखेरीस मावशींच्या ओळखीच्या बागवाल्याने मलिहाबादहून दशहरीची पेटी पाठवली. रविवारी दुपारी गच्चीत, सावलीत, बादलीभर गार पाण्यात आंबे सोडले आणि आम्ही चौघं चोखायला लागलो. मावशी अर्थातच फिरत फिरत. त्यांनी आधी बजावलं होतं, "चौदा सोडलेत. कोयी या पातेल्यात टाकायच्या. एकही खाली नाही. बुळबुळीत असते, घशाखाली गेली की आतड्यात जाऊन बसते." चिवडा दाराआड बांधलेला होता. कधी सुटला, कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा तो बादलीजवळ बसून पिवळंधमक तोंड चाटत होता. आंबे संपलेच होते. मावशींनी पातेल्यातल्या कोयी मोजल्या. परत मोजल्या. तेरा होत्या.

सई रडायला लागली, "मम्मा, वो मर तो नहीं जाएगा?" आम्ही बादली उपडी केली, पेटी झटकली, जिन्यापर्यंत शोधलं. मग गाडीत घालून डॉक्टरकडे. त्यांनी पोट चाचपलं, फोटो काढला आणि म्हणाले, "गुठली एक्स-रे में साफ़ दिखे, ज़रूरी नहीं. नज़र रखिए. उलटी करे, खाना छोड़े, तो फ़ौरन लाइए. ऑपरेशन करना पड़ेगा." चार महिन्यांचं पिल्लू आणि ऑपरेशन.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मावशी उजाडताच आल्या आणि चालायला लागल्या. हॉल, गच्ची, हॉल. चिवड्याने कूस बदलली की थांबत, तो परत झोपला की चालू. मला ते पाऊल ऐकवेना. शेवटी मी ओरडलेच, "मावशी, देवासाठी बसा हो एका जागी! मला वेड लागेल."

त्या थांबल्या, पण बसल्या नाहीत. खिडकीच्या गजाला धरून म्हणाल्या, "आमचा टायगर होता. हे सीमेवर होते. थंडी फार, म्हणून मी त्याला कोंबडीची हाडं उकळून घातली. मायेनं गं. आत टोचलं काहीतरी. दिवसभर मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. उठले तेव्हा तो नव्हता." जरा वेळाने म्हणाल्या, "हे परत आले, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मला बसलं की मांडी जड होते."

मला स्वतःची इतकी लाज वाटली. मी उठले आणि त्यांच्याबरोबर चालायला लागले. हॉल, गच्ची, हॉल. दोन बायका आणि मधे एक निजलेलं पिल्लू.

संध्याकाळी चिवड्याने दहीभात खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्याने माझी दुसरी चप्पल नेली. डॉक्टर म्हणाले, आता चिंता नको. सईने त्याच्या गळ्यात ओढणी बांधून नाच केला. पण कोय काही बाहेर पडली नाही. मी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन तपासत होते, ते सविस्तर सांगत नाही. मावशींचं समाधान होईना. "आत कुठेतरी दबा धरून बसलेली असणार. आणि मोजायला मी होते. माझ्या नजरेखाली गेली."

जुलैच्या मध्यावर त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. एकटीने राहण्याचं वय राहिलं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. आम्ही अमौसीच्या विमानतळावर पोचवायला गेलो. मी मिठी मारून रडत होते आणि मावशी माझ्या खांद्यावरून गाडीतल्या चिवड्याकडे बघत होत्या. त्याचा ओठ वर करून त्यांनी नवा, पांढरा सुळा पाहिला, अंगठ्याने हळूच दाबला. "चांगला आलाय," म्हणाल्या. आणि आत जाता जाता वळून, "त्याचं पोट बघत जा गं."

त्यानंतर दर रविवारी फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिला प्रश्न एकच. "सापडली?" मी म्हणे, "नाही हो, पण तो मजेत आहे." मग पलीकडून पावलांचा आवाज येई. पुण्याच्या त्या दोन खोल्यांत त्या किती चालत असतील, या विचाराने मला गलबलून यायचं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी सईने गच्चीवरून हाक मारली, "मम्मा, देखो, ये क्या निकला है?" मोगऱ्याच्या कुंडीत, अगदी काठाशी, तांबूस, लुसलुशीत पानांचं रोप उभं होतं. मी माती बोटाने बाजूला केली. खाली कोय होती. बोटभर खोल, नीट उभी खोचलेली. अशी कोय खोचणारी व्यक्ती आमच्या घरात एकच होती.

रविवारची वाट न बघता मी फोन लावला. "सापडली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सापडली मावशी. मोगऱ्याच्या कुंडीत. तुम्हीच फिरता फिरता खोचलीत. रोप आलंय. चिवड्याने कोय खाल्लीच नव्हती."

पावलांचा आवाज थांबला. मला वाटलं, फोन कटला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"थांब हं," मावशी म्हणाल्या, "मी जरा बसते."