पडलेलं ते आत्याबाईंचं

माझ्या आतेसासूबाई म्हणजे डोणगावच्या जमिनीवर पडलेल्या प्रत्येक वस्तूच्या सख्ख्या वारसदार होत्या. वस्तू कुणाच्या हातून सुटते आणि जमिनीला टेकते, एवढ्या वेळात तिचा मालक बदलत असे. लग्न होऊन मी खामगावहून त्या घरात आले, तेव्हा नवं महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. पहिल्याच सकाळी मागच्या अंगणात गेले आणि बघतच राहिले. तेलाचे गंजके डबे, छत्र्यांच्या काड्या, गोणपाटं, सायकलच्या फाटक्या ट्यूबा, घोड्याची नाल, कंदिलाच्या काचा, एक पाय नसलेली खाट आणि खाट नसलेला एक पाय. या सगळ्यांमधून कमरेत वाकलेली, पण चालायला वाऱ्यासारखी एक म्हातारी वाट काढत आली. घरातले सगळे तिला आत्याबाई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

"एवढ्याचं काय करायचं, आत्याबाई?"

"मले काय माहीत? त्यायलेच माहीत. येळ आली का सांगतात."

कापसाच्या गाड्या बाजाराला निघाल्या की आत्याबाई त्यांच्या मागून बाभळीच्या काट्यांना अडकलेला कापूस वेचत जायच्या. आमच्या घरातल्या साऱ्या उशा त्या बाभळींनी भरलेल्या होत्या. ज्वारी कापून झाली की शेतात सांडलेल्या कणसांचा सरवा वेचायला त्या पहिल्या. पण कुणी हातात काही दिलं, तर मात्र घेणार नाहीत. माहेरून येताना मी त्यांच्यासाठी लुगडं आणलं होतं. पुढं केलं, तर त्यांनी हात मागे बांधले आणि म्हणाल्या, "ठेव तुह्यापाशी. देल्लेलं मले पचत नाही." मी हिरमुसले. तेव्हा सासूबाई कानाशी लागल्या, "अवं, देऊ नको. पाड." मी लुगडं गोठ्यामागे टाकून आले. घटकाभरात आत्याबाई ते झटकत आल्या आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लोकायले वस्तूची कदरच नाही राह्यली बे!" पुढं मला कळलं की सारं गावच त्यांच्यासाठी असं पाडत असे. शिंपी चिंध्या पाडी, भाजीवाली वांगी पाडी, आणि वाणी तर गुळाचा खडा पाडून वर दुसरीकडे तोंड फिरवून उभा राही.

वाचायचं वेडही त्यांनी असंच वेचून आणलेलं. भावांच्या अभ्यासाशेजारी बसून उचललेली अक्षरं, आणि वाचायला काय, तर वाण्याच्या पुड्यांचे कागद. हळद संपली की पुडी उलगडून, हातानं सपाट करून त्या वाचायला बसत. त्यामुळे त्यांना ठाऊक असलेल्या एकाही गोष्टीला आरंभ नव्हता आणि शेवटही नव्हता. ती उणीव त्या स्वतः भरून काढत. जिऱ्याच्या पुडीतली रुसलेली राजकन्या त्यांनी हिंगाच्या पुडीतल्या फौजदाराला देऊन टाकली होती, आणि लग्नाला साबुदाण्याच्या पुडीतलं आख्खं मंत्रिमंडळ हजर होतं. संध्याकाळी ओट्यावर बाया जमत आणि ती गोष्ट रोज पुढं सरके. मी कितीतरी कादंबऱ्या नीट बांधलेल्या वाचल्या, पण त्या फौजदाराच्या संसारात जसा जीव गुंतला, तसा कुठं गुंतला नाही.

त्या अशा का, हे मी एकदा सासूबाईंना विचारलं. नवरा वारल्यावर सासरच्यांनी त्यांना वर्षाच्या आत आपल्या गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडलं होतं, सासूबाई म्हणाल्या. माहेरच्या वाटेवर वेचून खाल्लेल्या बोरांवर त्या घरी पोचल्या होत्या. नंतर मी आत्याबाईंकडे कधी त्याच नजरेनं पाहू शकले नाही.

एका उन्हाळ्यात परगावच्या गाडीवानाचा म्हातारा बैल नाल्यापलीकडच्या ओसाड, खडकाळ बरडावर कोसळला. त्यानं उठवायचा प्रयत्न केला, शेवटी गावातून दुसरा बैल भाड्यानं जुंपून तो पुढं निघून गेला. बैल मेला, असं गावात झालं. आत्याबाई निघाल्या त्या त्याच्या गळ्यातल्या घुंगरांसाठी. त्यांना चक्कर येईल म्हणून मीही डोक्यावर पदर घेऊन मागोमाग गेले.

बरडावर गिधाडंच गिधाडं. मान आखडून, पंख आवरून, पंगतीत वाढप्याची वाट पाहावी तशी गोल बसलेली. मी मागे सरले. आत्याबाई मात्र थबकल्या आणि त्यांच्याकडे अशा पाहू लागल्या, जशा बाया देवळात पाहतात.

"सूनबाई, बैल जिता हाय."

"कशावरून?"

"हे पाह्य ना, कसे शहाने बसून राह्यले. जीव हाय तवर हे हात नाही लावत. मानसाइतकी घाई नाही त्यायले."

बैलाच्या पापणीवर माशी बसली आणि पापणी हलली.

मग त्यांनी मला अंगणाकडे पिटाळलं. मी गोणपाटं आणली, डबे आणले, छत्रीच्या काड्या आणि दोरांचे तुकडे आणले. बाभळीच्या फांद्या रोवून आत्याबाईंनी बैलावर सावली धरली. ओली गोणपाटं त्याच्या पाठीवर घातली. मी नाल्यातल्या झिऱ्यातून पाणी आणत होते आणि त्या ओंजळीनं त्याच्या जिभेवर सोडत होत्या. गिधाडं जागची हलली नाहीत. आत्याबाईही हलल्या नाहीत. घरी चला म्हटलं, तर म्हणाल्या, "थे बसले हायेत, अन् मी जाऊ?" दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी घेऊन गेले तेव्हा बैल गुडघ्यांवर होता. आत्याबाई त्याच्या कानात काहीतरी बोलत होत्या. मला वाटतं, फौजदाराचीच गोष्ट असावी. माझ्यादेखत तो थरथरत उभा राहिला, आणि एकेक करून गिधाडं उडाली. त्या पंखांचा वारा माझ्या तोंडावर आला. आत्याबाईंनी आभाळाकडे हात जोडले. "तुमचा घास मी उचलला, बापहो. राग नका धरू." पुढं शेजाऱ्याची म्हैस मेली, तेव्हा पुरायला निघालेल्या माणसांना अडवून त्यांनी ती बरडावर ओढत न्यायला लावली. पदर खोचून स्वतःही दोराला हात लावला.

पावसाळ्यानंतर तो गाडीवान आला. गोठ्यात बैल पाहून दारातच उभा राहिला.

"माय, हा माह्या बैल हाय."

"पडला थो तुह्या होता," आत्याबाई म्हणाल्या. "उठला थो माह्या."

आता भांडण होणार, असं मला वाटलं. पण आत येऊन त्यानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला, फार वेळ फिरवला.

"मागं वळून पाह्यलं होतं का रे, जाताना?" आत्याबाईंनी विचारलं.

"हाव," तो म्हणाला. "पाह्यलं, म्हनून तर जेवन जाये ना." डोळे पुसत तो म्हणाला, "याले आता जू नका लावू, माय."

"बस. भाकर खाऊन जा."

त्यानंतर दर हंगामात आमच्या दारासमोर त्याच्या गाडीतून कडब्याची पेंढी पडत असे. त्याला ही रीत कुणी शिकवली, मला ठाऊक नाही. आत्याबाई पेंढी उचलायच्या आणि गाडी हाकेपलीकडे गेली की म्हणायच्या, "काऊन एवढा येंधळा हाय हा मानूस!"

बैल आधी गेला, मग एका श्रावणात आत्याबाई गेल्या. दहावं झाल्यावर गावातल्या बाया मागच्या अंगणात आल्या. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही दिलं नाही. एकीनं डबा उचलला, दुसरीनं गोणपाट, कुणीतरी तीन पायांची खाट डोक्यावर घेतली. दुपार कलेपर्यंत सारं उचललं गेलं. मी केरसुणी घेऊन बाहेर आले, पण झाडायला काही उरलंच नव्हतं. कित्येक वर्षं झाकलेली जमीन काळी, ओलसर, नुकत्या न्हालेल्या बाळाच्या टाळूसारखी दिसत होती. एवढं स्वच्छ अंगण मला बघवेना. तरी दिवे लागेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.