टाळूची चावी फिरवायची कुणी?

मंडळी, सकाळपासून डोकं चालंना झालंय. आमच्या नऊ वर्षांच्या सईची तोंडातली टाळू अरुंद आहे, दात एकावर एक आलेत. शिरूरचे डॉक्टर म्हणाले, रुंद करायला पक्की प्लेट चिकटवू, तिच्यातल्या बारक्या स्क्रूची चावी रोज घरी तुम्हीच फिरवायची. दौंडच्या मॅडम म्हणाल्या, काढता-घालता येणारी बरी.

माझे सासरे, आबा, साठच्या दशकात मेंढरं राखायचे. त्यांनी बॅटरी लावून सईचं तोंड बघितलं. "मेंढराचं वय दातावरनं सांगत व्हतो. पर ह्यातलं मला काय बी कळंना."

शेवटी सईलाच विचारलं.

"काढता येणारी दिली तर मी काढून ठेवणार. पक्की बसवली तर चावी फिरवताना तूच रडणार."

दोन्ही खरंय. तुमच्यापैकी कुणी फिरवलीय का ती चावी?