साध्या पाण्याची टाकी

कॉलेजातल्या टाकीवाल्या काकांच्या खोलीत शिरायचं तर आधी दारातल्या प्लास्टिकच्या वाटीत अंगठी, बांगडी, घड्याळ, अंगावर धातूचं जे काय असेल ते काढून ठेवावं लागे. खातेप्रमुखांनासुद्धा सूट नव्हती. "साहेब, माशांना तुमची श्रीमंती सोसत नाही," असं काका तोंडावर सांगायचे, आणि साहेब मुकाट्यानं बोटातली अंगठी ओढत बसायचे. सव्वीस वर्षं काकांनी त्या खोलीतले मासे पाळले, मोजले आणि मेलेले जाळीनं काढले. बादली प्लास्टिकची, मग प्लास्टिकचा, जाळीची कडासुद्धा प्लास्टिकची. एवढा काटेकोर माणूस, पण गेले पंधरा दिवस त्याचीच मती गुंग झाली होती.

काम तसं सरळ होतं. मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, गोड्या पाण्यातल्या माशांना किती बाधतं, हे संशोधन करणारी ताई तपासत होती. काचेच्या पाच टाक्या, प्रत्येकीत बोटाएवढे दहा मासे. चार टाक्यांत मोरचूद, चढत्या प्रमाणात. पाचवीत नुसतं साधं पाणी. मग चार दिवस मोजत राहायचं, कुठे किती मेले. साध्या पाण्यातला एखादा गेला तर चालतं. दुसरा गेला की अख्खी चाचणी बाद, कारण मग बाकीचे मोरचुदानंच मेले हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

आणि मरत होते नेमके साध्या पाण्यातलेच! पहिल्या खेपेला तीन, दुसऱ्या खेपेला चार. ताईकडे तिसऱ्या खेपेपुरते पन्नासच मासे उरले होते आणि प्रबंध द्यायची मुदत महिनाअखेर संपत होती. ती हुकली की तिची चार वर्षं वाया. तिनं काकांना चकार शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच त्यांना फार लागत होतं.

काकांनी डोकं खाजवून खाजवून विचार केला. पाणी सगळ्यांना एकाच पिंपातलं. खाणं चाचणीच्या आदल्या दिवसापासून बंद. सगळ्यात कमी मोरचुदाच्या टाकीत दहाच्या दहा मजेत, आणि जिथं काहीच घातलेलं नाही तिथं मरण, हा काय प्रकार? उलट या टाकीचे ते जास्तच लाड करायचे. हवेचे बुडबुडे सोडणारा दगड पाण्यात वर येतो म्हणून तिच्यात त्यांनी दगडाखाली वजनही बांधलं होतं, आणि दर खेपेला ते लिंबू लावून लख्ख घासून ठेवलं होतं.

तिसऱ्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या टाकीत एक मासा उताणा दिसला. दुपारी काका जेवायला घरी आले ते हरवल्यासारखे.

"लक्ष कुठंय तुमचं? दही कशात ओतताय?" बायको म्हणाली.

काकांनी हातातलं पातेलं पाहिलं. पितळेचं होतं.

"कळकेल ना ते. इतकी वर्षं सांगतेय."

"कळकतं म्हणजे नक्की काय होतं गं?"

"आता काय सांगू! पितळ उतरतं त्यात. विष होतं."

"आणि पाण्यात? पाण्यातपण उतरतं?"

"मला काय विचारता? मासे तुमचे, पाणी तुमचं."

काका भरल्या ताटावरून उठले.

खोलीत येऊन त्यांनी हवेची नळी वर ओढली. दगडाखाली बांधलेलं कडं आलं. घरातल्या जुन्या नळाचं, पितळेचं. याच नळाचं पाणी आपण आयुष्यभर प्यायलो, मग माशांना काय होतंय, असंच त्यांना वाटलं होतं. कड्याच्या आट्यांत हिरवट कळंक धरला होता.

नऊ मासे अजून जिवंत होते. कडं सोडून खिशात टाकलं असतं तर कदाचित नऊच्या नऊ तगले असते, आकडे जमले असते, ताईचा प्रबंध गेला असता वेळेवर. कोणाला पत्ताही लागला नसता. काका मूठ मिटून उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि अजून पुरतं कळतही नव्हतं की आपल्या हातून हे झालं कसं.

मग ते दाराशी गेले. वाटीत ताईची बांगडी होती. तिच्याशेजारी त्यांनी कडं ठेवलं आणि तिला हाक मारली.

"हे माझं, ताई. साध्या टाकीत होतं. पहिल्या खेपेपासून."

ताई कड्याकडे बघत स्टुलावर बसली. मग तिनं वही ओढली आणि त्या खेपेच्या पानावर काट मारली.

"बाकीच्या टाक्यांतपण बांधलंयत?"

"नाही."

"मग हिच्यातच का, काका?"

काका गोंधळून टाकीकडे वळले.

"बाकीच्या मारायलाच ठेवल्या होत्या ना," ते म्हणाले. "जगवायची ही एकच होती."