ते बोर्डावर नको

बी.एड. करताना मी आंतरिक आणि बाह्य प्रेरणेतला फरक पाठ केला होता. मधोमध रेघ मारायची, डावीकडे आवडीपोटी केलेलं, उजवीकडे बक्षिसासाठी केलेलं. परीक्षेत तो प्रश्न आला, मी न अडखळता उत्तर लिहिलं आणि हॉलमधून बाहेर पडता पडता विसरूनही गेले. मार्कांसाठीच पाठ केलं होतं ते. पुढे रहाटणीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. 'मॅडम, याला मार्क आहेत का?' हे मुलांच्या तोंडून रोज ऐकू लागले, तरी त्या रेघेची आठवण कधी झाली नाही. ती करून दिली माझ्या लेकीने, आमच्या थेरगावच्या स्वयंपाकघरात.

माझा नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. लेक सहावीत असताना कंपनीने त्याला महिन्याचा उत्तम कर्मचारी म्हणून निवडलं. गेटजवळ फोटो लागला, स्टीलच्या डब्यांचा सेट मिळाला. तो इतका खूश होता, की त्याच आठवड्यात एक पांढरा बोर्ड आणि हिरवी, पिवळी, लाल चुंबकं घेऊन घरी आला. फ्रिजशेजारी खिळा ठोकून त्याने बोर्ड टांगला.

"आमच्या लाइनवर असंच असतं," तो म्हणाला. "काम झालं की हिरवं, अर्धवट राहिलं की पिवळं, नाही झालं की लाल. येता-जाता दिसतं. कुणाला ओरडावं लागत नाही."

पाढे, गृहपाठ, वाचन, डबा संपवणं, दप्तर स्वतः भरणं, असं सगळं त्याने एकाखाली एक लिहिलं. आठवडाभर हिरवं राहिलं तर रविवारी लेक म्हणेल ते करायचं. मला ही कल्पना मनापासून आवडली. सकाळच्या घाईत माझाच घसा बसायचा.

आणि ते चाललंही छान. पाढ्यांचा तर मी नाद सोडून दिला होता. ते तिने शाळेच्या व्हॅनमध्ये बसून पाठ केले. डबा रिकामा यायला लागला. दोन-तीन रविवार आम्ही तिच्या मर्जीने मिसळ खाल्ली. नवऱ्याने कंपनीत सगळ्यांना सांगितलं असणार, कारण त्याच्या एका मित्राने फोन करून चुंबकं कुठून आणली ते विचारलं.

मग हळूहळू ती हिशेबी झाली. एक पुस्तक वाचलं की एक हिरवं, म्हणून ती वाचनालयातून सगळ्यात बारीक पुस्तकं आणू लागली. आधी जाडजूड पुस्तक घेऊन खिडकीत बसणारी मुलगी आता मोठ्या अक्षरातली, चित्रांची पुस्तकं अर्ध्या तासात संपवून उठायची. मला खटकलं, पण वाचतेय ना, म्हणून मी गप्प बसले.

एके दिवशी नवरा फर्स्ट शिफ्ट करून आला. बसमधून उतरून चालत आल्याने घामाघूम झालेला. सोफ्यावर बसत म्हणाला, "बाळा, जरा पाणी दे."

ती उठली आणि तिने सहज विचारलं, "याचं हिरवं मिळेल?"

तिने उद्धटपणे विचारलं नव्हतं, खरंच माहीत करून घ्यायला विचारलं होतं. तो हसला. पाणी पिऊन मात्र तो बराच वेळ ग्लास हातात धरून बसला.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक मुस्लिम बाई राहतात, सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. त्यांच्या मुलाचं डांगे चौकात दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. लेक शाळेतून माझ्या आधी घरी येते, तेव्हा तासभर त्यांच्याकडे बसते. तिथे ती पोहे खाते, टीव्ही बघते, एवढंच मला माहीत होतं. खाला उर्दू शाळेत शिकलेल्या, अजून रोज उर्दू पेपर वाचतात. तो उजवीकडून डावीकडे वाचतात हे लेकीच्या लक्षात आलं आणि ती त्यांच्या मागेच लागली. मला याचा पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो नवऱ्याला. एका सुटीच्या दिवशी ती जुन्या कॅलेंडरची पानं उलटी पसरून जमिनीवर पालथी पडली होती. पानभर वळणदार अक्षरं, खाली-वर ठिपके. तो वाकून बघत राहिला.

"हे कुठं शिकलीस?"

"खालांकडे. बाबा, हे बघ, हे एकच अक्षर आहे. सुरुवातीला असं दिसतं, मध्ये आलं की असं, आणि शेवटी असं. शेजारी कोण आहे ते बघून बदलतं. आणि हा अलिफ. हा पुढच्याचा हात धरत नाही. मागचा मात्र त्याचा हात धरतो."

इतकं सलग ती अभ्यासाबद्दल कधी बोलली नव्हती. नवऱ्याचा चेहरा फुलला. तो उठला, मार्कर घेतला आणि बोर्डावर सगळ्यात खाली 'उर्दू' लिहायला लागला.

"बाबा, ते बोर्डावर नको," ती म्हणाली.

"अगं, रोज करतेसच की. फुकटात हिरवं मिळेल."

"नको. मग तो होमवर्क होईल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत होते. 'उ' एवढाच लिहून झाला होता, तो त्याने अंगठ्याने पुसला. "बरं," म्हणाला. ती पुन्हा पालथी पडून लिहू लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना त्याने विषय काढला. मला वाटलं त्याला वाईट वाटलं असेल. पण तो वेगळंच बोलला.

"मला बक्षीस कशासाठी मिळालं, सांगितलं होतं ना तुला?"

"त्या ट्रेसाठी."

"हां. लाइनवरच्या बायकांना प्रत्येक पार्टसाठी वाकावं लागायचं. दिवसभर. मला ते बघवेना, म्हणून भंगारातले अँगल जोडून ट्रे वर घेतला. बक्षिसाचं तेव्हा डोक्यातही नव्हतं, ते नंतर आलं. आणि आलं तेव्हा मला बरं वाटलं, नाही असं नाही." मग म्हणाला, "पण त्यानंतर मी दोन-तीन सूचना दिल्या पेटीत, त्या काही खास नव्हत्या. बक्षिसाकडे बघून दिलेल्या."

तेव्हा मला परीक्षेतली ती रेघ आठवली. आणि असंही वाटलं, की आपण ती फारच सरळ मारली होती.

ते खरंही निघालं. त्या बोलण्यानंतर बोर्डच काढून टाकायचं आम्ही ठरवलं, तर लेकीनेच अडवलं. "पाढ्यांचं राहू दे," ती म्हणाली. "ते मला आवडत नाहीत. हिरवं नसेल तर होणारच नाहीत." मग पाढे आणि दप्तर एवढंच ठेवलं. वाचन काढलं. पुढचे काही आठवडे तिने एकही पुस्तक हातात घेतलं नाही आणि मी आतल्या आत कुढत राहिले. नंतर एका दुपारी ती खिडकीत दिसली, मांडीवर जाड पुस्तक. मी भाजी निवडत राहिले.

शाळेतही मी एक करून पाहिलं. आठवीच्या वर्गाला सांगितलं, घरात जे कळत नाही त्याबद्दल एक प्रश्न आणा, याला मार्क नाहीत. बऱ्याच मुलांनी काहीच आणलं नाही. मार्क नाहीत म्हटल्यावर निम्मा वर्ग खुशीत विसरला. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की कुकरची शिट्टी झाल्यावर गॅस बारीक केला तरी आतलं शिजत कसं राहतं. त्यावर तास कधी संपला ते कळलं नाही, आणि विसरलेल्यांपैकीच काही जण मधल्या सुटीत टेबलाभोवती जमले. मार्कांचा अभ्यास मी अजूनही घेते. तो घ्यावाच लागतो. असा एखादा तासही मधूनमधून ठेवते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं पुण्यात कॅम्पात खरेदीला गेलो होतो. चालता चालता लेक मध्येच थांबली. वर एका दुकानाची पाटी होती, उर्दूत. ती मान वर करून ओठ हलवत होती. मागून येणारी माणसं तिला वळसा घालून जात होती.

"बे... ये... काफ... रे... ये," ती पुटपुटली, पुन्हा पहिल्यापासून आली, आणि एकदम हसली. "बेकरी! बाबा, नुसतं बेकरी लिहिलंय."

आम्ही आत जाऊन गरम नानखटाई घेतली. बाहेर आल्यावर नवरा तिला समोरच्या दुसऱ्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ती?"

"थांब ना," ती म्हणाली. तिची नजर आधीच तिकडे होती.