पांढऱ्या रंगाखालचं नाव

परवा शेजारी खिडक्या रंगवत होते, आणि टर्पेंटाइनच्या वासानं मला अण्णा आठवले. माझे वडील. एकोणीसशे साठच्या आसपास ते बेंगळूरला, मारतहळ्ळीजवळच्या विमानतळावर पेंटर होते. विमानाचं छत पांढरं असलं की ऊन परततं, असं ते मला सांगायचे. त्याखालची निळी पट्टी आणि कंपनीचं नाव मात्र ते स्वतःच्या हातानं, जीव ओतून काढत. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी रंगवलेलंच एक विमान उतरताना नाचणीच्या शेतात कोसळलं. कंपनीच्या साहेबांनी अण्णांना जीपमधून तिथं नेलं आणि सांगितलं, "पेपरचे फोटोवाले यायच्या आत त्या नावावर पांढरा रंग मारा." संध्याकाळी अण्णा घरी आले ते पायरीवरच बसले. "माणसं अजून बांधावर निजवलेली होती गं," ते आईला म्हणाले, "आणि मी अक्षरं झाकत होतो." मी फणकाऱ्यानं म्हटलं, "मग साहेबांचं ऐकलंत कशाला?" ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन नेहमीसारखे कामावर गेले, पण विमानांबद्दल माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. त्या नोकरीवर घरातली पाच माणसं जगत होती, हे मला फार उशिरा उमगलं. माफी मागायला तोवर अण्णा उरले नव्हते.