परंतुकाका आणि बोजा नसलेला जीव

दस्तात कुठेतरी ‘परंतु’ घातल्याशिवाय त्यांना पेन खाली ठेववत नसे, म्हणून नोंदणी कार्यालयाच्या आवारातल्या मंडळींनी त्यांचं नाव परंतुकाका ठेवलं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे करार लिहिले. घर विकायला आलेल्या माणसाला ते आधी पाणी देत आणि मग हलकेच विचारत, “यात आणखी कुणाचा जीव अडकलाय का?” या एका प्रश्नाने कितीतरी बहिणी, आत्या आणि सावत्र भाऊ कपाटातून बाहेर पडावेत तसे बाहेर पडले होते.

ही सवय घरीही सुटली नाही. बायकोने वाणसामानाची यादी हातात दिली, की ते शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारत. मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून.

“कोण घुसडणार? मीच ना?” बायको विचारायची.

“तुझ्यासाठीच मारलीय.”

दर रविवारी दुपारी त्यांची पुतणी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर एका खेळाचा डाव मांडायची. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे आणि खेळ चालवणारा सांगेल त्या गुहांतून, दलदलींतून वाट काढायची. खेळ चालवायचा तिचा मित्र, पेशाने दंतवैद्य. राक्षस, भुतं, सैतान, सगळं तोच. पुतणी दोन वर्षं वैदीण होती. एका म्हाताऱ्या खेचरावर औषधं लादून हिंडायची, दिसेल त्याच्या जखमा बांधायची.

त्या रविवारी परंतुकाका पाणी प्यायला आले, तर पुतणीचं तोंड एवढंसं झालेलं.

“काय झालं गं?”

“संपले मी, काका. मागच्या खेपेला सगळ्यांना वाचवायला सैतानाला जीव लिहून दिला. आज तो न्यायला आलाय. दोन वर्षांची वैदीण गेली.”

“लिहून दिला?” काकांनी पेला खाली ठेवला. “कागद कुठाय?”

दंतवैद्याने ऐटीत गुंडाळी पुढे केली. जुनाट दिसावा म्हणून कागद चहात बुडवलेला होता. काकांनी चष्मा चढवला. ‘मी राजीखुशीने माझा जीव, जो माझ्या एकटीच्या मालकीचा असून त्यावर कोणाचाही बोजा नाही...’ इथे ते थांबले.

“ही भाषा तुमची नाही.”

दंतवैद्य चुळबुळला. “दवाखान्याच्या गाळ्याच्या करारातून उतरवली. भारदस्त वाटली.”

“वाटणारच. तो मी लिहिलाय. जशीच्या तशी उतरवलीत?”

“शब्दन्‌शब्द. फक्त गाळ्याच्या जागी जीव घातला.”

“मग माझं परंतुकही आलं असेल.” काकांचं बोट सरळ तळाशी गेलं. ‘परंतु सदर जिवात इतर कोणाचा हक्क आढळल्यास हा करार रद्द समजावा.’

ते पुतणीकडे वळले. आवाज आपोआप कचेरीतला झाला. “बाई, तुमचा जीव आणखी कुणात अडकलाय का?”

पुतणीने डोळे पुसले. “खेचरात.”

“पुरावा?”

खेळाची वही तिची मैत्रीण लिहायची. ती शाळेत शिकवते, अक्षर सुरेख. तिने भराभर पानं उलटली. “हे बघा. दलदलीत सगळे पळाले, ही एकटी मागे फिरली. म्हणाली, ‘त्याला सोडून येणार नाही, माझा जीव अडकलाय त्याच्यात.’ खाली सैतानाची सही.”

प्रत्येक पानावर सही घ्यायची शिस्त काकांनीच लावलेली.

“अहो, ती बोलायची रीत झाली,” दंतवैद्य म्हणाला.

“करारात जीव तुम्ही घातलात. मी गाळा लिहिला होता.”

“पण खेचराला कसला हक्क?”

“मग त्याची हरकत नाही, एवढं त्याच्याकडून आणा. आम्ही थांबतो.”

दंतवैद्याने खेचराच्या संमतीसाठी फासा टाकला. एक पडला, म्हणजे साफ नकार. “खेचराने लाथ मारली,” शेवटी त्यानेच जाहीर केलं आणि गुंडाळी फाडली. पुतणीने वैदिणीच्या सोंगाची माहिती लिहिलेला कागद छातीशी धरला.

“काका, तुमचा जीव देता का?” दंतवैद्याने विचारलं. “रिकाम्या हाताने कसा जाऊ?”

“त्याच्यावर जुना बोजा आहे. आत विचारा.”

“न्या खुशाल,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. “पण सहाच्या आत आणून सोडा. माळ्यावरचे डबे काढायचेत.”

“लेखी द्याल, काकू?”

“देते की. खालची रेघ मात्र मी मारणार.”